रावजी बुवांचा झीलकरी

पालीला रावजी बुवांच्या पडवीत चहा झाला आणि बुवांनी मृदंग पुढे ओढला. "पावणे, मुलगी बाहेर येईल मागनं. आदी तुमचं गानं होऊ दे."

गंगारामाने घाबरून मेव्हण्याकडे पाहिले. सोयरीक जुळावी म्हणून आत्मारामने, म्हणजे त्याच्या मेव्हण्याने, "आमचा गंगाराम म्हंजे गावच्या भजनाचा आवाज" अशी थाप मारून ठेवली होती. थाप अर्धी खरी होती. गंगाराम भजनात मिसरूड फुटल्यापासून होता, पण झीलकरी म्हणून. त्याच्या गावचे बुवा अंतऱ्याची ओळ वर चढवायचे आणि गंगाराम मंडळींबरोबर धृपद म्हणून गाणे परत खाली आणायचा. अंतरा चालू असताना त्याला तंबाखू मळायला बरी सवड मिळे.

पण सोयरीक त्याला हवीच होती. शिमग्यात बुवांच्या दमयंतीला पालीच्या बाजारात सुक्या मासळीचा भाव पाडताना पाहिल्यापासून त्याचे जेवणावरून लक्ष उडाले होते. त्याने डोळे मिटले आणि आवाज लावला.

"नाव हाकी रे गोविंदा, पैलतीरी!"

आवाज खणखणीत होता. बुवांनी मान डोलावली. धृपद संपवून गंगाराम सवयीने थांबला आणि अंतरा कोण घेतो ते पाहू लागला. कोणीच घेईना. मृदंग वाजतच होता. त्याने पुन्हा धृपद घेतले. मग आणखी एकदा.

"पावणे, नाव बंदरातनं हलंना," बुवा म्हणाले. माजघरात बायका खुसखुसल्या.

आत्मारामने कोपराने ढोसले. "अरे, अंतरा म्हण!"

"तो बुवा म्हणतात."

"हितं बुवा तूच हायस, मेल्या!"

गंगारामाने अंतरा आठवून पाहिला. त्याला प्रत्येक ओळीचा फक्त शेवट येत होता, कारण तो ऐकूनच धृपद उचलायचे असे. शेवटी त्याने नुसता लांबलचक आकार लावला, टोकाला "धावला" असे जोडले आणि घाईघाईने धृपद गाठले. दुसऱ्या ओळीला आकार आणि "पावला". पडवीच्या कठड्याशी शेजारी जमले. आत्माराम चपला शोधू लागला.

बुवांनी मृदंगावर हात ठेवला. "तुमी निसतं धृपदच म्हणत आलात?"

"व्हय," गंगाराम रडवेला झाला.

"अंतरा म्हणावासा कदी वाटला नाय?"

"नाय वो. तो बुवांचा."

बुवांनी मृदंग बाजूला सारला. "आमच्या मंडळीत सगळेच बुवा! परवाच्या एकादशीला चौघांनी एकदम अंतरा धरला. गानं वर गेलं ते गेलं, खाली आनायला मानूस नाय. मुलगी दिली!" आणि ते गूळखोबरे आणायला आत धावले. त्यांच्यामागोमाग आत्मारामही, त्यांचे मन बदलू नये म्हणून.

तेवढ्यात दमयंती पानसुपारीचे तबक घेऊन बाहेर आली. शेजारी पांगले होते, पडवीत आता गंगाराम एकटाच होता. तबक ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "भजनात बाबा हायत. पन घरात अंतरा मी म्हणनार. चालंल?"

"चालंल," गंगाराम म्हणाला. झीलकरीच तो, त्याने लगेच पुन्हा म्हटले, "चालंल."