आवाज वेगळा मिळेल

जगात एखादी गोष्ट अजून अखंड असेल, तर ती कुठल्या समितीच्या हाती लागलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

सॉफ्टवेअरचंच बघा. लिहिणारा बिचारा एकच गाठोडं लिहितो. ते जसंच्या तसं लोकांच्या गळ्यात मारणं अशोभनीय. म्हणून जाणकार त्या एका सोर्समधून, म्हणजे मूळ लिखाणातून, पाच-सात पॅकेजं बांधतात. प्रोग्राम एकात, चित्रं दुसऱ्यात, मदतीची पानं तिसऱ्यात (ती कुणी वाचत नाही, पण असली की धीर येतो), आणि कुणालाच नको ते सगळं ‘सामाईक’मध्ये. ज्याला जे लागेल तेवढंच त्यानं घ्यावं. एका कंपनीत हा नियम तिथल्याच एका प्रोग्रामर बाईनं लिहून दिला होता.

बाळंतपणाच्या रजेत तिनं एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर पाळणा हलतो आणि तिच्या आवाजात अंगाई लागते. सोमवारी ती कामावर रुजू होणार होती आणि लेक तिच्या आवाजाशिवाय डोळा मिटत नव्हता. कंपनीला प्रोग्राम फार आवडला. आवडला म्हणजे समिती आलीच. रजेवरच्या माणसाला त्रास नको म्हणून तिला बोलावलं नाही.

सोमवारी सकाळी तिनं समितीनं बांधलेलं तयार पॅकेज घरच्या लॅपटॉपवर चढवलं. बाळ झोपलेलं, म्हणून आवाज बंद ठेवूनच तपासलं. पाळणा झकास हलला.

दुपारी ऑफिसात सासूबाईंचा फोन.

“अगं, तुझा पाळणा मुका आहे!”

“आवाज वाढवा ना, आई.”

“वाढवला की! वर हा भोकांड पसरून बसलाय, त्याचाच काय तो आवाज!”

तिनं पॅकेजं उघडून पाहिली. अंगाई वेगळी काढून तिच्यावर ‘ऐच्छिक’ असा शेरा होता.

“उद्देश काय, तर बाळ झोपणं,” समितीप्रमुखांनी शांतपणे समजावलं. “झोपलेल्या बाळाला आवाज लागत नाही. मग तो आवश्यक कसा? तुमचाच नियम, मॅडम.”

ती अंगाई उतरवून घ्यायला गेली, तर त्या पॅकेजला आधी ‘सामाईक’ची नवी आवृत्ती हवी होती, आणि ती मंजुरीसाठी समितीकडे होती.

“आई, फोन त्याच्या कानाशी धरा,” म्हणत ती जिन्यात गेली आणि शिपाई, पाहुणे, लिफ्टची वाट पाहणारे यांच्यादेखत अंगाई गायली. दुसऱ्या कडव्याला पलीकडचं रडणं हुंदक्यांवर आलं. तिसऱ्याला सासूबाई कुजबुजल्या, “निजला गं सोनुला. आता ठेव, नाहीतर मीही निजेन.”

समितीनं या पहिल्या वापराची नोंद घेतली ती अशी : घरी आवाजाचं पॅकेज नव्हतं, तरी बाळ झोपलं. सबब आवाज अनावश्यक. पुढच्या आवृत्तीतून वगळावा. (ठराव एकमतानं. ती तेव्हा जिन्यातच होती.)

समितीला हसण्यासारखं यात काही नाही. तुमच्याही घरी सगळं आपोआपच होतं, नाही का?