डावीकडून तिसरं वर्तुळ

विवाह ही मानवाची अतिप्राचीन संस्था असून तिचा मूळ हेतू छायाचित्रण हाच होय. प्रेम, वंशवृद्धी, दोन घराण्यांचं जुळणं वगैरे कारणं नंतर कोणीतरी चिकटवलेली आहेत. खोटं वाटत असेल तर कुठल्याही लग्नाला जाऊन बघा. पाद्र्याला 'जरा मागे सरका' म्हणता येतं, नवऱ्याला 'तू नंतर ये' म्हणता येतं, केक तासभर ताटकळत ठेवता येतो. पण फोटोग्राफरला कोणी 'आटपा आता' म्हटल्याचं उदाहरण आमच्या मिनेसोटा राज्यातल्या डुलूथ शहराच्या इतिहासात नाही.

आता, ज्या अर्थी लग्न फोटोसाठी आणि फोटो लेन्समधून, त्या अर्थी लग्नातली सर्वांत गंभीर निवड लेन्सची असते. जोडीदाराची निवड त्यानंतर. (ती चुकली तर कायद्यानं बदलता तरी येते. वापरलेली लेन्स दुकानदार परत घेत नाही.)

या जबाबदारीची जाणीव ठेवून आमचं 'सुपीरिअर तट विवाह व समारंभ छायाचित्रकार मंडळ' दर महिन्याला ल्यूथरन चर्चच्या तळघरात भरतं. मी त्याचा चिटणीस. कॉफी पातळ असते, लिंबाच्या वड्या घट्ट असतात आणि मतं त्याहून घट्ट. मंडळात दोन पंथ आहेत. झूमवाले आणि प्राइमवाले. झूम लेन्सचं कडं फिरवलं की लांबचं माणूस बसल्या जागी जवळ येतं. प्राइमला तसलं काही नाही. माणूस जवळ हवं असेल तर आपण चालत पुढे जायचं, लांब हवं असेल तर चालत मागे यायचं. त्यामुळे प्राइमवाले स्वतःला कलावंत समजतात, आणि दर उन्हाळ्यात त्यांच्यापैकी एखादा मागे चालता चालता सुपीरिअर सरोवरात पडतो.

मात्र एका बाबतीत दोन्ही पंथांचं एकमत आहे. फोटोत मागचं सगळं पुसट झालं पाहिजे. याला 'बोके' म्हणतात. (मांजरांशी संबंध नाही. शब्द जपानी आहे, आणि उच्चार ठरवायला नेमलेली उपसमिती अजून बसलेलीच आहे.) मागचे दिवे, झाडं आणि नातेवाईक वितळून त्यांचे लोण्यासारखे गोळे झाले की फोटो जमला. आमच्या पाहणीनुसार उत्कृष्ट फोटोत नवरीचे डोळे शंभर टक्के, नवऱ्याचा चेहरा साठ टक्के आणि नातेवाईक शून्य टक्के स्पष्ट असतात. (उरलेल्या चाळीस टक्के नवऱ्याबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही.)

हे शास्त्र आमच्या मिनेसोटाला फार मानवलं, कारण आमच्याकडची माणसं मुळातच मागे उभी राहतात. पुढे होणं म्हणजे आगाऊपणा. चर्चमध्ये मागचे बाक आधी भरतात. पाद्री आणि पहिला भाविक यांच्यामध्ये छोटं विमान उतरवता येईल. काहीही देऊ केलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'उगाच कशाला त्रास' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तुमचा एवढा आग्रहच आहे तर' म्हणून घ्यायचं. कॉफीच्या दुसऱ्या कपापासून लग्नाच्या मागणीपर्यंत सगळीकडे हीच पद्धत. पहिल्याच खेपेला 'हो' म्हणणारा माणूस बहुधा टेक्ससहून आलेला असतो.

तर, गेल्या वसंतात मारेन हॉकन्सन नावाची मुलगी आमच्या तळघराच्या पायऱ्या उतरून आली. तिच्या लग्नाचं काम आमचे अध्यक्ष लॉवेल टॉर्विक यांच्याकडे होतं. लॉवेल प्राइम पंथाचा म्होरक्या. दोनदा सरोवरात पडलेला.

"मला एकच फोटो हवाय," मारेन म्हणाली. "मी आणि आजोबा. दोघांचे चेहरे दिसायला हवेत. बाकी तुम्हाला काय काढायचं ते काढा."

आजोबांनीच तिला लहानाचं मोठं केलं होतं. उभी हयात शाळेची बस चालवली, आणि उभी हयात फोटोत मागे उभे राहिले. घरच्या सगळ्या अल्बमांत मिळून त्यांचं एक कोपर, बरीचशी टोपी आणि एकदा पाठ एवढंच आलं होतं. समोरून असे ते फक्त ड्रायव्हिंग लायसन्सवर.

"परवा त्यांनी मला माझ्या आईच्या नावानं हाक मारली," मारेन म्हणाली. "थंडी पडायच्या आधी ते वृद्धाश्रमात जाणार. तिथल्या भिंतीवर लावायचाय फोटो. रोज बघतील म्हणजे मी भेटायला गेले की ओळखतील तरी."

मंडळ गलबललं. दोघांनी चष्मे पुसले. मग मागच्या खुर्चीवरून कोणीतरी हळूच विचारलं, "कुठल्या लेन्सवर?" आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"अरे, साधी झूम लाव," डीनीन कोवाक म्हणाली. ती झूम पंथाची, आणि बोलायला फटकळ. "अपर्चर आठवर ठेव, म्हणजे भोक बारीक. दोघंही स्वच्छ येतील. पोरगी काय मागतेय ते ऐक तरी!"

"स्वच्छ फोटो काढायला तिचा मामा आहे की मोबाइल घेऊन," लॉवेल म्हणाला. "माझ्याकडे लोक भावनेसाठी येतात."

"भावनेला नाक-डोळे असतात रे बाबा. ते दिसू देत की!"

"डीनीन, तुला कळायचं नाही."

चर्चा चांगलीच रंगली. त्या भरात मारेन केव्हा निघून गेली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. अखेर बहुमतानं पंच्याऐंशी मिलिमीटरची, अपर्चर एक पूर्णांक दोनची प्राइम लेन्स मुक्रर झाली. लेन्स अलौकिक आहे. तिच्यात स्पष्ट दिसणारा पट्टा इतका पातळ असतो, की नवरीची पापणी स्पष्ट आली तर तिचा कान शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात गेलेला असतो.

लग्न सरोवराकाठच्या हॉलमध्ये झालं. आजोबा अपेक्षेप्रमाणे पार मागच्या भिंतीशी, कॉफीच्या मोठ्या पिंपाजवळ, दिव्यांच्या माळेखाली उभे होते. नवा कोट, हातात कागदी कप.

लॉवेल त्यांच्याकडे गेला. "आजोबा, या ना पुढे. नातीबरोबर एक फोटो होऊ दे."

"छे छे, मी कशाला? पोरांचे काढा."

"अहो आजोबा, एकच. मारेननं खास सांगितलंय."

"उगाच तुम्हाला त्रास. माझ्यामुळे चांगला फोटो बिघडायचा."

एवढं बोलून आजोबांनी कप खाली ठेवला, ओठ पुसले आणि कोटाचं बटण लावलं. आमच्याकडे याचा अर्थ तान्ह्या पोरालाही कळतो. माणूस तिसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट बघतोय. लॉवेलनं तोंड उघडलंसुद्धा. नेमक्या त्याच क्षणी ढग बाजूला झाले आणि पश्चिमेच्या खिडकीतून सोनेरी उजेड थेट मारेनवर पडला.

"लाइट!" लॉवेल ओरडला आणि पिशवीतून पंच्याऐंशी काढत धावला.

"आजोबा येतायत ना फोटोत?" मारेननं ओठ न हलवता विचारलं. (हलायची बंदी होती.)

"आहेत, आहेत. मागेच आहेत. तू मान हलवू नकोस, फोकस जाईल."

हे अक्षरशः खरं होतं. आजोबा मागेच होते. बटण लावून, ताठ उभे. केक कापला, भाषणं झाली, नाच सुरू झाला, तरी तसेच. हॉलमधल्या प्रत्येकानं त्यांना पाहिलं. पण पहिले दोन आग्रह फोटोग्राफरनं केलेले असताना तिसरा आपण करणं म्हणजे त्याच्या कामात नाक खुपसणं, तेव्हा सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. मारेनला तर लॉवेलनं सांगितलंच होतं, की आजोबा फोटोत आहेत. लोक पांगायला लागले तेव्हा आजोबांनी ते बटण आपलं आपणच काढलं.

त्या फोटोला मंडळाचं वार्षिक पारितोषिक मिळालं. परीक्षकांनी 'मागच्या वर्तुळांचा मुलायमपणा' विशेष वाखाणला. अल्बम हातात पडल्यावर मारेन मात्र तडक तळघरात आली.

"आजोबा कुठायत?"

"हे काय," लॉवेल म्हणाला. "डावीकडून तिसरं वर्तुळ."

"हा दिवा आहे!"

"दिवा दुसरा. तिसऱ्याची कड बघ, किती हळुवार आहे."

"तिसरं कॉफीचं पिंप आहे, लॉवेल," डीनीन म्हणाली. "आजोबा चौथे. आणि थोडी तरी लाज वाटू दे."

प्रश्न गंभीर असल्यामुळे तत्काळ चौकशी समिती नेमण्यात आली. समितीनं भिंग लावून फोटो पाहिला, हॉलवर जाऊन पिंपाची उंची घेतली आणि मतदान घेतलं. एका मताच्या फरकानं तिसरं वर्तुळ आजोबा असल्याचं जाहीर झालं. (पिंपाच्या बाजूनं पडलेली मतंही लक्षणीय होती, हे नमूद केलं पाहिजे.) निकालाची प्रत मी स्वतः मारेनला दिली. तिनं ती न वाचताच चुरगळली. दुःखात माणसं कार्यपद्धतीचा मान ठेवत नाहीत, त्याला आमचा इलाज नाही.

शरदात आजोबा वृद्धाश्रमात गेले. मारेन भेटायला गेली आणि खिशातून मोबाइल काढून म्हणाली, "आजोबा, आपला एक फोटो काढू?" पुढचे दोन आग्रह तिनं घरून योजूनच आणले होते.

"हो, काढ की," आजोबा म्हणाले, आणि येऊन तिच्या पुढ्यात उभे राहिले.

पहिल्याच खेपेला. आमच्या भागात यानंतर डॉक्टरला काही विचारावं लागत नाही. मारेननं हात लांब करून दोघांचा फोटो काढला आणि मग त्यांच्या कोटात तोंड खुपसून पोटभर रडली.

तो फोटो आता त्यांच्या खोलीत आहे. ते त्यावर बोट ठेवून येईल-जाईल त्याला 'ही आमची मारेन' म्हणून सांगतात, असं तिथली परिचारिका म्हणते. डीनीननं तो यंदाच्या स्पर्धेला पाठवायचा हट्ट धरला, परंतु मंडळाला तो नाकारणं भाग पडलं. त्यात सगळंच दिसतं. गोळ्यांचा डबा, खिडकीबाहेरच्या मोटारी, पलंगावर पडलेला टॉवेल, मारेनचं रडवेलं नाक आणि आजोबांच्या चेहऱ्यावरची एकूण एक सुरकुती. पुसट म्हणून काही नाहीच. अशा चित्राला आम्ही नोंद म्हणतो, कला म्हणत नाही.

सुजाण वाचकांना हा फरक समजावून सांगायची गरज नाही. लेन्स किती मिलिमीटरची, तिचं अपर्चर किती, हे तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल. लॉवेल, डीनीन, मारेन, सगळ्यांची नावं मी तुम्हाला सांगितली. आजोबांचं तेवढं सांगितलं नाही, आणि इतका वेळ ते तुम्हीही विचारलं नाहीत.