वज्याची घरपोच सेवा

धंद्यात नफा वाढवायचा तर आधी खर्चावर बोट ठेवावे, असे कृष्णनाथांनी मोबाईलवरच्या एका व्हिडिओत ऐकले आणि बोट ठेवले ते थेट बाबलीच्या रिक्षावर.

धंदा त्यांचा नव्हता, पत्नीचा होता. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, लेकीच्या सासरी करंज्यांसारख्या नेवऱ्या, लाडू, फळे असे भरभरून वजे पाठवायचे ही रीत. पण तळत बसायला हल्ली वेळ कुणाला? पद्मावतीबाई तयार वज्याच्या ऑर्डरी ऑनलाइन घेत आणि रिक्षावाला बाबली ते भाडे घेऊन परस्पर लेकीच्या सासरी पोचवी.

"बाबली कित्याक गो? म्हजी स्कूटर आसा," कृष्णनाथ म्हणाले. (निवृत्तीपासून स्कूटर आणि ते, दोघेही नुसतेच उभे होते.)

"जायत. पूण शेवटचें वजें आमच्या गौरवीचें. लग्नाउपरांत पयली चवथ तिची. तें पेडण्यांत पावंकच जाय."

पहिले घर मुळगावचे. वजे घेऊन येतो तो सुनेच्या माहेरचा माणूस, मग ऑर्डर मोबाईलवरून का दिलेली असेना. घरच्या सासूबाईंनी, विनोदिनीबाईंनी, कृष्णनाथांना खुर्चीवर बसवले, सरबत दिले, आणि खोका उघडून हळूच विचारले, "नेवऱ्यो इतल्योच?"

दाराआड सुनेचा चेहरा पडला. पॅकिंगच एवढे असते, असे सांगून कृष्णनाथ मोकळे झाले असते. पण तेही एका लेकीचे बाप. त्यांना ते बघवेना.

"ना, ना. आनीक आसात. स्कूटरीर उरल्यात," म्हणत त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाचा अर्धा खोका आणून रिता केला.

पुढच्या घरी अर्धा खोका बघून सासूबाईंनी नुसत्या भुवया उचलल्या. कृष्णनाथ पुन्हा स्कूटरकडे गेले. त्यापुढच्या घरीही तेच झाले. परक्या लेकींची लाज राखायची एकदा चटक लागली की माणूस हिशेब बघत नाही. शिवाय घरोघरी आग्रहाने खाणे होतच होते.

पेडण्याला पोचले तेव्हा स्कूटरवर एक नारळ उरला होता. गौरवी हसत बाहेर आली आणि बापाच्या मागे बघू लागली.

"वजें म्हज्या फाटल्यान येता," कृष्णनाथ कसेबसे म्हणाले आणि अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला. पद्मावतीबाईंनी सगळे ऐकून घेतले.

"थंयच बसा. आनी कोणाकूच कांय दिवं नाकात," त्या म्हणाल्या.

कृष्णनाथ आत जाऊन बसले. विहीणबाई कमलाक्षी पंखा लावून समोर बसल्या. हवापाण्याच्या गप्पा संपल्या, मग नुसता पंखाच बोलत राहिला. अखेर दारात रिक्षा थांबली. घरच्या गणपतीसाठी केलेले सगळे फराळाचे पद्मावतीबाईंनी टोपलीत भरून बाबलीबरोबर धाडले होते. टोपली अशी शिगोशीग, की गौरवीचा चेहरा उजळला.

कमलाक्षीबाई लगबगीने उठल्या. घरात बरी खुर्ची एकच होती.

"व्याही, मात्शे उठात," त्या कृष्णनाथांना म्हणाल्या. "वजें घेवन मनीस आयला."

कृष्णनाथ उठले. बाबली ऐसपैस बसला. त्याच्या ताटलीत दुसरा लाडू वाढत कमलाक्षीबाई समाधानाने म्हणाल्या, "गौरवीच्या म्हायेरचीं मनशां बरीं."

"व्हय," कृष्णनाथ उभ्याउभ्या म्हणाले.