कुठेच न जाणारे ठिपके

सहदेवांचं बोट लॅपटॉपच्या बटणापासून तांदळाच्या दाण्याएवढं वर थांबलं होतं आणि खाली यायचं नाव घेत नव्हतं. पडद्यावर पांढरे ठिपके वळवळत होते. ते डावीकडे चाललेत की उजवीकडे, एवढंच सांगायचं होतं.

"बाबा, दाबा ना!" उर्वी म्हणाली. मेंदूचा कारभार गणितात मांडणं हा तिचा संशोधनाचा विषय. मेंदू पुरावा थेंबथेंब साठवतो आणि पातळी एका रेषेला टेकली की निर्णय घेतो, असं तिचं समीकरण सांगत होतं. बाबांची पातळी मात्र रेषेला टेकायलाच तयार नव्हती.

"घाई करू नकोस. अजून थोडी माहिती येऊ दे."

हेच वाक्य डोंबिवलीतली अख्खी मधुमालती सोसायटी दोन वर्षं ऐकत होती. मोडकळीला आलेली इमारत पाडून नवी बांधायला सगळे तयार होते. अडले होते एकटे सहदेव. बिल्डरला एकमत हवं होतं आणि तो आजच्यापुरताच थांबणार होता.

"परवा आमटीत प्लास्टर पडलं," सहदेवांच्या पत्नी विनिताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ती माहिती पुरली नाही का?"

तेवढ्यात सेक्रेटरी तानाजीराव शेवटचं विचारायला आले आणि पडद्यापुढे वाकले. "अहो, सरळ डावीकडे चाललेत की!"

"उजवीकडे," त्यांच्यामागून आलेल्या तळमजल्यावरच्या गोदूबाई म्हणाल्या.

"चष्मा लावा."

"तुम्हीच लावा! टाकी वाहत असते, ती तरी दिसते का तुम्हाला?"

आवाज ऐकून जिना गोळा झाला. दारात चपलांचा ढीग पडला. डावे सोफ्यावर बसले, उजवे खुर्च्यांवर. तानाजीरावांनी हात वर करून मतं घेतली. ती समसमान पडली. गोदूबाईंनी फेरमतदान मागितलं. तानाजीराव राजीनामा द्यायला निघाले.

"अरे, थांबा!" उर्वी ओरडली. "हे ठिपके कुठेच जात नाहीयेत! मुद्दाम तसेच केलेत. यात माहिती शून्य आहे. तरी माणूस किती वेळात ठरवतो, तेच मोजायचंय मला!"

सहदेवांनी चष्मा काढला.

"म्हणजे मी आठवडाभर बघत बसलो असतो, तरी..."

"काहीच कळलं नसतं, बाबा."

"मग लोक ठरवतात कशाच्या जोरावर?"

"वेळ संपत आला, की मेंदू निर्णयाची ती रेषाच खाली आणतो."

सहदेवांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. विनिताबाई झारा हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तानाजीराव," सहदेव म्हणाले, "पाडा बिल्डिंग."