वर्तक सरांच्या कथेत कुणी मरत नाही

आमच्या कॉलेजातल्या वर्तक सरांच्या हातून, मी इथे आल्यापासून तरी, एकही माणूस मेलेला नाही. म्हणजे कथेतला. पहिल्या वर्षाच्या मराठीच्या पुस्तकात निम्म्याअधिक कथांच्या शेवटी कुणी ना कुणी मरतंच. त्याशिवाय कथा अभ्यासक्रमाला लावत नाहीत. पण वर्तक सर शिकवू लागले की बुडणाऱ्याच्या हाताला फळकूट लागतं, तापानं फणफणलेलं पोर उठून पेज मागतं आणि घर सोडून गेलेला मुलगा संध्याकाळच्या लाँचनं आमच्या रेवसच्या धक्क्यावर उतरतो. मूळ कथा विदर्भातली असली तरी रेवसलाच.

"लेखकाला शेवटी घाई झाली," सर म्हणतात. "आपल्याला घाई नाही." आणि पुस्तक मिटून शेवट पदरचा सांगतात. त्यांच्या पुस्तकात प्रत्येक कथेची शेवटची पानं पिनेनं टाचलेली आहेत. प्राध्यापक माणूस, पण ती त्यांनी कधी उघडलेली नाहीत!

कवितेचीही तीच गत. गेलेल्या माणसावरची कविता असली की शेवटचं कडवं गाळतात. एकदा मी छेडलं तर डोळे मिटून म्हणाले, "मॅडम, ते मागाहून कुणीतरी घुसडलंय. चाल बघा ना." मी बघितली. चाल तीच होती.

मी त्याच विभागात पुढच्या वर्गांना समीक्षा शिकवते. म्हणजे सरांनी जगवलेली माणसं पुढच्या वर्षी मला मारावी लागतात. वर मुलांच्या नजरेत मीच दुष्ट. सर दिसायला मात्र अस्सल विद्वान. खादीचा झब्बा, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. घरची नारळ-सुपारीची वाडी, खाऊन-पिऊन सुखी. ज्याला कधी काटा टोचला नाही तो असलाच गोडगोड साहित्यविचार करणार, असं माझं मत होतं, आणि ते मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवत असे.

मुलं पुस्तक विकत घेत नाहीत. कुणी पहाटे जाळी ओढून येतं, कुणी तरीच्या होडीनं खाडीपलीकडे उरणला जाऊन कारखान्यात पाळी करून येतं. सर सांगतील तेच पुस्तक. गेल्या परीक्षेत प्रश्न आला, 'आईच्या मृत्यूनंतर नायकात झालेले परिवर्तन स्पष्ट करा.' अख्ख्या वर्गानं लिहिलं, आई मेलेली नाही. आगरदांड्याच्या एका मुलीनं तर परीक्षकांनाच सुनावलं, 'प्रश्न चुकीचा आहे. आई बरी झाली व तिने खानावळ काढली.'

मी तिला झापलं. ती मलाच विचारते, "सर बोलले ती बरी झाली. मंग मेली कशी?"

परीक्षक बाहेरचे. त्यांची तक्रार आली आणि प्राचार्यांनी फर्मान काढलं. यापुढे शेवट पुस्तकाप्रमाणेच शिकवीन असं सरांनी लिहून द्यावं, नाहीतर पहिल्या वर्षाचा वर्ग मला मिळणार आणि सरांनी अर्जलेखन शिकवायचं. त्या वर्गात सरांचा जीव होता. तरी सही करायला ते आलेच नाहीत, रजा टाकून घरी बसले. अखेर कागद घेऊन प्राचार्यांनी मलाच पिटाळलं. खोटं कशाला बोलू, मी खुशीतच निघाले.

सरांच्या घरी ओटीवर कुणी नव्हतं. आतून सरांचा वर्गातला आवाज येत होता. "...आणि आई उठून बसली. म्हणाली, भूक लागली रे." माजघरात खाटेवर त्यांची बायको, सुमनवहिनी, पडून होत्या. डोक्याला रुमाल बांधलेला, हातांच्या नुसत्या काटक्या. त्या इतक्या आजारी आहेत हे कॉलेजात कुणाला ठाऊक नव्हतं. सर कधी बोललेच नव्हते. मला बघताच ते चहा टाकायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळाले.

वहिनींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. "मी वाचल्ये हो ती कथा," त्या हळूच म्हणाल्या. "ती जाते शेवटी."

"मग सांगत का नाही सरांना?"

"पूर्वी वाचायचे ते शेवट. माझं दुखणं निघालं तेव्हापासून पिना लावतात. मला बरं वाटावं म्हणून वाचून दाखवतात, असं त्यांना वाटतं. वाटू दे. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळलंय, हेसुद्धा त्यांना ठाऊक नाही." त्यांनी माझं मनगट धरलं. "तेवढा वर्ग नका हो काढून घेऊ. वर्ग गेला तर रजा वाढवून दिवसभर इथं माझ्याकडे बघत बसतील. मग मला कण्हतासुद्धा यायचं नाही."

फार वाईट वाटलं.

सर चहा घेऊन आले. कागद वाचला, दोनदा चष्मा पुसला. "सही करतो," म्हणाले. "पण मॅडम, शेवट तुम्ही येऊन वाचा."

तेव्हापासून हा तमाशा चालू आहे. पिना आल्या की शिपाई मला हाक मारायला येतो. मी माझं पुस्तक घेऊन वर्गात शिरते आणि सर व्हरांड्यात जाऊन सुरूच्या झाडांकडे बघत उभे राहतात. मुलं खिदळतात. प्राचार्य याला सहअध्यापन म्हणतात आणि अहवालात अभिमानानं लिहितात. कॉलेज कसलं, नुसता आनंदीआनंद आहे.

परवा या वर्षीच्या वर्गाला आईची तीच कथा होती. मी शेवटचं पान वाचलं. कुणी खिदळलं नाही. बाहेर आले तर सर पाठमोरेच उभे.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"त्रास झाला का हो तिला?"

पुस्तकात ती पाणी पाणी करत जाते. घरात कुणी नसतं.

"नाही सर," मी म्हटलं. "झोपेत गेली. मुलगा उशाशीच होता."