पावणेसहा आण्यांचा नवरा मुलगा

भूमच्या बाजारात एक बैल. शिंग एकच. विकणारा छाती ठोकून सांगतो, "जनावर फर्स्ट क्लास!"

जळकोटच्या फाट्यावर थकलेली एस.टी. कंडक्टर म्हणतो, "इंजिन फर्स्ट क्लास हाय. फक्त चालत न्हाय."

बेंबळीचे विष्णुपंत. जुने पटवारी. निजाम गेला, आणे गेले, नवे पैसे आले. हे अजून जांभईसुद्धा आण्यांत मोजतात!

शांताक्का, आमच्या शेजारच्या. भांडतात मराठीत, रडतात कानडीत.

असो.

मॅट्रिकचा फर्स्ट क्लास कसा धरतात, हे अख्ख्या तुळजापुरात एकट्या मला कळतं! बाकीचे मास्तर, वकील आणि पुजारी नुसती बेरीज करतात आणि खुशाल घोरतात.

माझी भाची नीला यंदा मॅट्रिकला होती. तिचे वडील दत्तोपंत, म्हणजे माझे मेहुणे, शाळामास्तर. त्यांनी परीक्षेआधीच निकाल देऊन टाकला होता: "फर्स्ट क्लास आली तर सोलापूरला कॉलेज. नाही आली तर बेंबळीला लग्न." बेंबळीचं स्थळ मी सुचवलेलं. विष्णुपंतांचा मुलगा, भाऊ. त्यांचा निरोपही मीच आणला होता. निरोप एवढाच, "मुलगी फर्स्ट क्लास पाहिजे."

निकाल लागला. सहा विषयांत सहाशेपैकी तीनशे एक्कावन्न. फर्स्ट क्लासला हवेत तीनशे साठ. शिवाय सातवा, ऐच्छिक विषय कानडी, शांताक्कांच्या ओट्यावर बसून शिकलेला. त्यात एकसष्ट.

दत्तोपंतांनी सातही विषय मिळवले, सातांनी भागलं आणि चष्मा काढला.

"अठ्ठावन्न आणि वर थोडं. सेकंड. म्हणजे बेंबळी."

नीला खांबाला टेकून नुसती उभी राहिली. घाम मात्र मला फुटला! बेंबळीकरांना फर्स्ट पाहिजे आणि हा गृहस्थ सेकंड काढून बसला! स्थळ चाललं हातचं!

"दत्तोपंत!" मी कडाडलो. "मास्तर असून अशी गावठी बेरीज? ऐच्छिक विषयाचे पस्तिसाच्या वरचेच गुण घ्यायचे, म्हणजे सव्वीस. ते मूळच्या बेरजेत मिळवायचे आणि भागायचं सहाशेनंच! तीनशे सत्त्याहत्तर! फर्स्ट क्लास!"

"असं असतं?"

"असंच असतं! तुमच्या शाळेत कुणाला ठाऊक नसेल, तो दोष शाळेचा!"

"मामा," नीला म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा ना. जरा मोठ्यानं. अण्णांना कमी ऐकू येतं."

मी तीनदा सांगितलं. गल्ली जमली. शांताक्का म्हणाल्या, "अय्यो, केवढं डोकं!" सोलापूरची मला चिंता नव्हती. एकदा साखरपुडा झाला की कॉलेज कुणाला आठवतंय?

रविवारी विष्णुपंत भाऊला घेऊन आले. नीलानं भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणीची सुशीला बशीत घालून पुढं ठेवली. मी वाटच बघत होतो.

"पंत, मुलगी फर्स्ट क्लास आहे!"

"व्हय, दिसतंय की. सुशीला बी फर्स्ट क्लास."

"तसं न्हाय हो! मार्कांनी! बोर्डाच्या हिशेबानं!"

पंतांचा घास वाटेतच थांबला. "म्हंजे किती आणे?"

आता आणे काय मला अवघड आहेत? "दहा आणे, पंत! सोळापैकी दहा! बरं भाऊ, तुमचे मार्क किती होते?"

भाऊनं आढ्याकडं पाहिलं. "दोनशे सोळा."

"सहाशेत?"

"हं."

मी बोटांवर मांडलं आणि सुटलोच. "पावणेसहा! पंत, पीक सहा आण्यांच्या आत आलं की तुम्ही पटवारी लोक दुष्काळच लावता ना हो?"

भिंतीपलीकडं शांताक्का फिस्सकन हसल्या.

विष्णुपंत उठून उभे राहिले. "सारी हयात म्या पारावर बसून पिकांची आणेवारी लिहिली. बांधावर पाऊल ठेवलं न्हाय. पर असा पंचनामा कुणाच्या लेकराचा केला न्हाय!"

"पण फर्स्ट क्लास तर तुम्हीच मागितली होती!"

"अवो, फर्स्ट क्लास म्हंजे नाकीडोळी नीट! भाकरी गोल! मार्क कुणी मागितले होते? दहा आण्यांची सून पावणेसहाच्या घरात आणू? उद्या ती आमच्या भाऊला दुष्काळी ठरवून शेतसारा माफ करंल!"

"थांबा, थांबा!" मी धोतराला अडखळत आडवा गेलो. "दत्तोपंतांचीच बेरीज बरोबर आहे! सातांनी भागायचं! सेकंड क्लास! साडेनऊ आणेसुद्धा भरत नाहीत!"

"लई झाले!"

"मग भूमिती काढून टाकू! तिला कुठं बांध आखायचेत?"

"मेहुणे," दत्तोपंत शांतपणे म्हणाले, "गावठी बेरीज कुणी म्हटलं होतं? गल्लीनं तीनदा ऐकलंय. आता मी बोर्डाचाच हिशेब धरणार. दिला शब्द दिला."

विष्णुपंत वहाणा हातात घेऊनच निघाले. भाऊनं तेवढ्यात उरलेली सुशीला संपवली आणि नीलाला हात जोडले. मला वाटतं, दुष्काळी गावाला साऱ्यात सूट मिळाल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता.

जूनमध्ये नीलाची ट्रंक सोलापूरच्या गाडीवर मीच चढवली. वर हमालासारख्या शिव्याही खाल्ल्या, कंडक्टरच्या! हिशेब कळणाऱ्या माणसाची या तालुक्यात हीच किंमत. सगळे पारावर बसणारे! यांना नियम म्हणजे काय ते कधी कळणारच नाही.

पस्तिसाच्या वरच्या गुणांचा नियम नीलानं मला एप्रिलमध्येच, निकालाच्या आधी, समजावून सांगितला होता.