चष्मेराव यांनी कन्येच्या पाठराखणीस केलेली स्वारी आणि औषधाच्या दुकानापुढे जाहलेला तह

आज्ञा जाहली की गतवर्षी पाठराखणीची जी मोहीम जाहली तिची हकीकत साद्यंत लिहून ठेवावी, त्यावरून लिहिले ऐसे जे. आज्ञा कोणाची म्हणाल, तर घरच्या बाईसाहेबांची. भांडी विसळता विसळता सादर जाहली. आणि कारण हे दाखविले की पुन्हा तोच गाढवपणा करण्याची मर्जी जाहली तर वाचावयास जवळ असावे. बखरकार पदरचे काही घालणार नाही. मोहिमेत तो चष्मेरावांच्या इतका निकट होता की दोघांस एकच चष्मा पुरला. यापरते कोणी खोदून विचारू नये.

चष्मेराव म्हणजे बाजारचौकाच्या कोपऱ्यावरील चष्म्याच्या दुकानाचे खासे धनी. मर्द मातबर, पोट किंचित पुढे, आणि कर्तब ऐसे की चौकातून जाणाऱ्या हरएक माणसाची फ्रेम लांबून ओळखावी. मात्र फ्रेमच ओळखावी. चेहरा पाहावयाची सवय या दौलतीत नव्हती. "सोनेरी काडी आली", "जाड काळा गेला", ऐसा त्यांचा हिशेब, आणि एकदा सख्खा मेहुणा नवा चष्मा लावून आला तर त्यास "या, बसा, नंबर काय तुमचा?" ऐसे विचारून बसले. बाईसाहेबांनी ते प्रकरण अद्याप माफ केले नाही.

किल्ल्याची रचना ऐसी की दुकान पुढे, नजर तपासायची खोली मध्ये आणि बिऱ्हाड मागे; मधली भिंत म्हणावी तर प्लायवूडची. गिऱ्हाईक खुर्चीत बसून पाटीवरची अक्षरे वाचू लागले की मागे बशीसही बशी लागू नये, फोडणीनेही बेताने तडतडावे, आणि शिंक आली तर न्हाणीघरात जाऊन द्यावी, ऐसा कडेकोट बंदोबस्त. कन्या रांगत होती तेव्हापासून तिजला एकच फर्मान होते: "हळू बोल गं, गिऱ्हाईक आहे." गिऱ्हाईक नसले तरी फर्मान जारी राही. मग कन्या थोर जाहली, पदवीधर जाहली, आणि वाचनालयात तिजला नोकरी लागली. म्हणजे हळू बोलण्याच्या एका कारखान्यातून निघून दुसऱ्यात दाखल जाहली.

पेच पडला तो येथे. वाचनालय बंद होता होता दिवे लागत, आणि घरचा रस्ता ओसाड गोदामाच्या लांब भिंतीकडेने येई. चष्मेरावांनी हुकूम काढिला की आणावयास खासा आम्ही येऊ. परंतु कचेऱ्या सुटल्यावर गिऱ्हाइकांची रीघ लागते ती त्याच सुमारास, तेव्हा रोज दुकान टाकून जाणे परवडेना, सबब दुसरा हुकूम काढिला की नोकरीच सोडावी. कन्येचे डोळे भरून आले, आणि ती काही बोलली, परंतु इतके हळू की कोणास ऐकू गेले नाही. तेव्हा बाईसाहेब मध्ये पडल्या आणि मसलत ठरली की कन्येने स्वसंरक्षणाचे शिक्षण घ्यावे, त्यात पास जाहली तर एकटीने यावे, नपेक्षा नोकरीस रामराम. आणि शिक्षण खरे की थोतांड हे पाहावयास चष्मेरावांनीही नाव घालावे.

रविवारी सकाळी सभागृहात स्वारी दाखल जाहली. चष्मेरावांनी सामान सिद्ध केले होते ऐसे: बोटांच्या बेचक्यांत दुकानाच्या किल्ल्या, खिशात काच पुसावयाच्या फवाऱ्याची बाटली, आणि मुद्रेवर जरब. शिकविणाऱ्या कवायतबाई पूर्वी शाळेत खेळ घेत. उंचीने बेताच्या, आवाजाने थोर. चष्मेरावांनी त्यांजकडे पाहिले ते इतकेच की चौकोनी काळी फ्रेम, डावी दांडी सैल, स्क्रू कोणा अडाण्याने पिळला आहे. फ्रेमीमागचा चेहरा पाहावयाचा राहून गेला, आणि तेच पुढे अंगाशी आले.

चष्मेरावांनी हात वर करून पृच्छा केली की ठोसा कधी शिकविणार. बाईंनी फर्मावले, "ठोसा सगळ्यात शेवटी. त्याची पाळी आली म्हणजे आधीचं सगळं चुकलं. आधी मान वर करा." आणि मग शिकविले ते ऐसे की खोलीत शिरता दार कोठे ते पाहावे, आणि चालता मोबाइल आत आणि कान मोकळे असावे, आणि कोपऱ्यावर भिंतीस न घासता अंमळ बाहेरून वळावे, आणि कोणी मागे आहे ऐसे वाटले तर रस्ता ओलांडून पाहावा, तोही ओलांडतो का ते ताडावे, आणि पोटात कालवले तर "काय वाटेल त्याला" हा विचार न करिता उजेड आणि माणसे असतील तिकडे जावे, आणि जो सुखरूप घरी पोचला तोच जिंकला. चष्मेराव खट्टू जाहले. त्यांनी मनातल्या मनात दोन गुंड केव्हाच लोळविले होते, आणि येथे तर बाई पळ काढावयास सांगत होत्या.

पुढे बाई म्हणाल्या, "अनोळखी माणसाला नाही म्हणणं सोपं असतं हो. ओळखीच्याला म्हणता येतं का बघा. ज्याच्याबरोबर रोज जेवायला बसता, त्याला म्हणता येतं का?" कन्येने चोरून तीर्थरूपांकडे पाहिले. तीर्थरूप डाव्या दांडीचा स्क्रू पाहत होते.

मग आवाजाची कवायत जाहली. एकेकाने पुढे येऊन, हात समोर धरून, "तिथंच थांबा!" ऐसे गरजावे. चष्मेराव मोठ्या तोऱ्यात गेले, छाती फुगविली आणि बोलले, "तिथंच थांबा... नाही म्हणजे, उभे का? बसा ना." जन्माची दुकानदारी, जिभेवरून जाणार कोठे! सभागृह खो खो हसले. मग कन्या उभी राहिली, ओठ हलले, आणि शेजारच्या मुलीने "काय गं? काही हवंय का?" म्हणून कान पुढे केला. बाईंनी विचारले, "घरात कोणी आजारी असतं का?"

कन्या पुटपुटली, "नाही. बाबांचं दुकान आहे."

या उत्तरावरही सारे हसले, आणि चष्मेरावही हसले, परंतु बाई हसल्या नाहीत. त्यांनी कन्येस सांगितले की घरी उशीत तोंड खुपसून ओरडत जा, रोज, घसा बसेतोवर. कन्येने तैसेच केले. उशीस काय सोसावे लागले ते उशीच जाणे.

शिक्षण संपत आले तेव्हा परीक्षेचा जाहीरनामा निघाला की येत्या आठवड्यात आमची माणसे केव्हाही, कोठेही तुमच्याजवळ येतील आणि तुमच्या पाठीवर तांबडा स्टिकर डकवू पाहतील. ज्याची पाठ कोरी तो पास. आणि ज्याच्या पाठीवर स्टिकर, त्याने दुसऱ्याच्या पाठराखणीची गोष्ट बोलू नये. चष्मेराव म्हणाले, "हॅ! माझ्या पाठीला कोण हात लावतंय!" आणि आठवडाभर ऐसे चालले की रस्त्याने भिंतीस पाठ लावून खेकड्याप्रमाणे तिरपे जावे, दूधवाल्यास दारात अडवून दोन्ही हात दाखवावयास लावावे, आणि बाईसाहेबांनी सदऱ्याची कॉलर नीट करावयास हात नेला तर यांनी अंगण गाठावे.

एके दुपारी दुकानी एक बाई आली. चष्मा नाही, सबब चष्मेरावांच्या दृष्टीने चेहराही नाही. तिने वरच्या फळीवरील बारीक काडीच्या फ्रेमी पाहावयास मागितल्या. आता फ्रेम मागितली म्हणजे चष्मेरावांस त्रिभुवनाचा विसर पडणार. ते स्टुलावर चढले, पाठमोरे जाहले, आणि ती "जपून हं, पडाल," म्हणून मायेने आधार देती जाहली. मग तिला काहीच पसंत पडले नाही आणि ती निघून गेली. रात्री ताटावर चष्मेराव वाखाणणी करीत होते की गिऱ्हाईक असावे तर ऐसे, किती अदब, पाठीवर हात ठेवून पडू नका म्हणाली. बाईसाहेब भात वाढावयास मागून आल्या आणि तेथेच थबकल्या. म्हणाल्या, "अहो, हा तुमच्या पाठीवर तांबडा गोळा कसला?"

ऐसी शिकस्त खादली. कवायतबाई खाशा स्वतः, चष्मा काढून, भरदिवसा, किल्ल्यात शिरून ठाणे मारून गेल्या. आणि कन्येची पाठ कोरी. वाचनालयात एक जण पुस्तके चाळीत तिजमागे सरकत आला, तर ती बाजूस होऊन "आधी तुम्ही घ्या," म्हणाली आणि कपाटास पाठ लावून उभी राहिली. करार स्पष्ट होता, बाईसाहेब साक्षीस होत्या, आणि चष्मेरावांनी वरकरणी मान डोलाविली.

परंतु मन मानेना. येथे बखरकार थट्टा अंमळ बाजूस ठेवितो. पोर एकटी त्या भिंतीकडेने येते आहे हे डोळ्यांपुढे आले की चष्मेरावांच्या हातातला स्क्रू खाली पडे. भीती खरी होती, लेकीपायीच होती, आणि ती कोणास सांगावी हे त्यांस ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी गुप्त मसलत केली की तिच्या नकळत चंदावल सांभाळावी, म्हणजे मागून मागून जावे. आणि ओळख पटू नये म्हणून वेष पालटावा.

वेष पालटला तो ऐसा की आपला तपकिरी चष्मा दुकानी ठेविला आणि दर्शनी कपाटातली तांबडी गोल फ्रेम लाविली. झाले. सदरा तोच, टक्कल तेच, करकरणाऱ्या चपला त्याच, दर चार पावलांस खाकरणे तेच. आपण जगास फ्रेमीवरून ओळखतो तैसेच जग आपणांस ओळखते, ऐसा त्यांचा पक्का समज. त्यातून कपाटातल्या फ्रेमीस साधी काच, नंबर नाही. म्हणजे लोकांस हे दिसत होते, यांस लोक दिसत नव्हते.

बाईसाहेबांनी दारात विचारले, "हे काय सोंग?"

"ट्रायल घेतोय," म्हणून स्वारी बाहेर पडली.

वाटेत एका कचऱ्याच्या पिंपास धक्का लागला, त्यास "सॉरी" म्हणाले. वाचनालयाच्या समोर झाडाआड दबा धरिला. दिवे लागले आणि कन्या बाहेर आली. पायरीवर थांबली, दोन्ही बाजूंस पाहिले, मोबाइल पिशवीत टाकिला आणि मान वर करून चालू लागली. चष्मेराव मागे निघाले. गोदामाच्या भिंतीपाशी तिने रस्ता ओलांडला, यांनीही ओलांडला. ती पुन्हा इकडे आली, हेही आले. यांस वाटले, पोर वाट चुकली की काय, आणि जीव कासावीस होऊन पावले झपाझप उचलली, तीही झपाझप चालू लागली, आणि औषधाच्या दुकानापुढे, जेथे लख्ख उजेड आणि चार माणसे, तेथे गर्रकन वळली, हात समोर धरिला आणि गरजली, "तिथंच थांबा! माझ्या मागे यायचं नाही!"

काय तो आवाज! सायकलवाल्याने पाय टेकला, खिडक्या उघडल्या, भुंकत होते ते कुत्रे भुंकावयाचे राहिले, आणि औषधवाले खोकल्याची बाटली हाती घेऊन तैसेच बाहेर धावले. चष्मेरावांचे दोन्ही हात आपसूक वर गेले. फ्रेम नाकावरून घसरून खाली पडली आणि काच तडकली. लोकांनी वेढा दिला.

औषधवाले दरडावते जाहले, "कोण हो तुम्ही? मुलीच्या मागे काय लागलाय?"

"मी... मी तिचा बाबा."

औषधवाल्यांनी कन्येस विचारले की हे खरे काय. कन्येने समोर धरिलेला हात खाली आणिला नाही.

"आहेत. बाबाच आहेत माझे. तरी मागे यायचं नाही."

वेढा उठला. लोक हसत पांगले. बापलेक घरी चालली, आता शेजारी शेजारी. चष्मेरावांस प्रथम लाज आली, मग राग आला, मग दोन्ही ओसरले तेव्हा त्यांनी विचारले, "तू ओळखलं नव्हतंस ना मला?"

"पहिल्या पावलालाच ओळखलं. चपला वाजतात तुमच्या."

"मग एवढ्यानं ओरडलीस कशाला?"

"ओळखलं म्हणूनच ओरडले, बाबा. अनोळखी कोणी असतं तर एवढा धीर करावा लागला नसता."

चष्मेरावांनी तिजकडे पाहिले. चष्मा नव्हता, रस्त्याचा दिवा अंधुक होता, तरी पोरीचा चेहरा आयुष्यात प्रथमच नीट दिसला ऐसे त्यांस वाटले. एवढा आवाज हिच्या अंगी होता, आणि आपण तो इतकी वर्षे एका पातळ भिंतीमागे दाबून ठेविला, हे त्यांच्या ध्यानी आले. आणि लागलीच ऐसा अभिमान वाटला की परत फिरून औषधवाल्यास सांगावे, ऐकलंत ना, माझी मुलगी ती! परंतु फिरले नाहीत. एका संध्याकाळी एवढी शोभा पुरे होती.

घरी तह जाहला. चष्मेरावांनी पाठराखणीचा हक्क सोडला; कन्येने वाचनालयातून निघाल्याचा निरोप आईस द्यावा; लेकीपायी काही भीती वाटलीच, तर चष्मेरावांनी ती चंदावलीस न पाठविता तोंडाने सांगावी. बाईसाहेबांनी मान्यता दिली आणि वरून ताकीद केली की मेहुण्याची क्षमा मागावयाची राहिली आहे.

दुसरे दिवशी दुपारी गिऱ्हाईक खुर्चीत बसून पाटीवरची खालची ओळ वाचत होते, तोच प्लायवूडमागून कन्या नेहमीप्रमाणे पुटपुटली की येते. चष्मेरावांनी गिऱ्हाइकास तैसेच सोडिले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ऐकू नाही आलं. मोठ्यानं बोल."

मग, "येते मी, बाबा!" ऐसी ललकारी उठली की पाटी हलली आणि गिऱ्हाईक ओळ विसरले.

येणेप्रमाणे वाचनालयाचा रस्ता फत्ते जाहला. फत्ते कन्येची. चष्मेरावांकडील नुकसानी तांबडी फ्रेम एक, काच तडकलेली. ती दर्शनी कपाटात ठेविली आहे, कोणी मागितली तरी देणे नाही. हळू बोलण्याचे फर्मान या घरातून उठविले आहे, गिऱ्हाइकांनी समजून असावे. आणखीही लिहावयाचे होते, परंतु मागून हाक आली, "बाबा, जेवायला या!", आणि ती ऐसी खणखणीत की लेखणी जागीच राहिली. सबब येथेच थांबतो.